उणे तीसला चालू, अधिक दोनला बंद

परक्या माणसांच्या गाड्या कडाक्याच्या थंडीत एका बटणासरशी सुरू व्हाव्यात, यासाठी इटलीतील तुरिनमधील एक कंपनी मला दरमहा पगार देते. स्वीडनच्या उत्तरेला आर्येप्लोग नावाचे गाव आहे. तेथील तळी हिवाळ्यात गोठली की अनेक मोटार कंपन्या आपल्या अजून बाजारात न आलेल्या गाड्या काळ्यापांढऱ्या नक्षीच्या आवरणात गुंडाळून तेथे आणतात, आणि त्या गाड्यांमागोमाग आमच्यासारखी माणसेही जातात. गाडी रात्रभर उघड्यावर ठेवायची, इंजिनातील तेलापासून बॅटरीपर्यंत सारे काही बाहेरच्या हवेइतके थंड होऊ द्यायचे, पहाटे आत बसून बटण दाबायचे आणि इंजिन किती वेळात पेटले, पेटल्यावर कुठे अडखळले, हे संगणकात पाहायचे, असे ते काम आहे. उणे तीस अंशांवर त्या गाड्या मुकाट्याने सुरू होतात. एवढा पराक्रम गाजवून मी तुरिनला परततो, तेव्हा इमारतीच्या तळघरात उभी असलेली माझी स्वतःची गाडी अधिक दोन अंशांवर सुरू व्हायला साफ नकार देते.

ही गाडी म्हणजे १९७३ सालची आल्फा रोमिओ जीटी १३०० ज्युनियर. १२९० सीसीचे ॲल्युमिनियमचे इंजिन, त्याच्या माथ्यावर झडपा उघडणारे दोन कॅमशाफ्ट, आणि चार सिलिंडरांसाठी पेट्रोल व हवा मिसळून देणारे, वेबर कंपनीचे दोन जोड-कार्ब्युरेटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा स्वतंत्र घसा. एवढ्याशा इंजिनाचा एवढा थाट एरवी शर्यतीच्या गाड्यांत पाहायला मिळे. आल्फाने तो बेताच्या मिळकतीच्या तरुणांना डोळ्यांपुढे ठेवून केला, मात्र त्या तरुणांना हिवाळ्यात कामावर वेळेवर पोहोचायचे असते, हा मुद्दा बहुधा त्या बैठकीत निघाला नसावा. गाडीचे रूप बेर्तोनेच्या स्टुडिओत जॉर्जेत्तो जुजारो यांनी ऐन विशीत असताना रेखाटले. ती बंद अवस्थेतही देखणी दिसते, ही फार मोठी सोय आहे, कारण नोव्हेंबर ते मार्च ती बहुतेक वेळ त्याच अवस्थेत असते.

आमच्या तिसऱ्या मजल्यावर फियाटच्या मिराफिओरी कारखान्यात हयात घालवलेले एक निवृत्त फोरमन राहतात. माझा सेल्फ दोनदा फिरून इंजिन लागले नाही की ते लिफ्टने खाली येतात आणि हात पाठीमागे बांधून उभे राहतात. त्यांच्या मते या गाडीच्या रेषा निर्दोष आहेत, कारण बेर्तोने तुरिनचे. इंजिन मात्र मिलानचे आहे, आणि मिलानकडून यापेक्षा वेगळी अपेक्षा करणेच चूक आहे. फियाटने १९८६ साली आल्फा विकत घेतली, हे मी त्यांना एकदा सांगून पाहिले. ते म्हणाले, "इंजेन्येरे, तुमची गाडी त्याच्या आधीची आहे." कार्ब्युरेटर बोलोन्याचे असल्यामुळे त्यांच्याविषयी ते फारसे बोलत नाहीत, नुसतेच मान हलवतात. इटलीचे एकीकरण १८६१ साली झाले आणि तुरिन ही त्या राष्ट्राची पहिली राजधानी होती, असे पुस्तकांत लिहिलेले असते. माझ्या गाडीच्या बॉनेटखाली ते अद्याप झालेले नाही.

गाडी का सुरू होत नाही, याची सर्व कारणे मला तोंडपाठ आहेत, आणि खरा मनस्ताप त्याचाच आहे. पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, त्याची वाफ पेटते. थंडीत वाफ कमी होते, आणि जी होते तीही इंजिनाकडे जाणाऱ्या गार नळीच्या भिंतींवर पुन्हा थेंब होऊन चिकटते. त्यामुळे एरवी एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा पुरत असली, तरी थंड इंजिनाला त्याच हवेबरोबर कितीतरी अधिक पेट्रोल पाजावे लागते. त्यातच २०डब्ल्यू-५० जातीचे घट्ट तेल इंजिनाला सहजासहजी फिरू देत नाही, गारठलेली बॅटरी हात आखडता घेते, आणि सेल्फने तिची उरलीसुरली वीज ओढली की प्लगच्या ठिणगीच्या वाट्याला अगदीच थोडे उरते. गाडी काही आठवडे उभी असेल, तर कार्ब्युरेटरच्या वाट्यांमधले पेट्रोल उडून गेलेले असते, आणि ते पुन्हा भरण्याचे काम इंजिनावरच चालणाऱ्या पंपाचे असल्यामुळे इंजिन फिरल्याशिवाय पेट्रोल येत नाही व पेट्रोल आल्याशिवाय इंजिन फिरत नाही. आधुनिक गाडीत पाण्याचे तापमान मोजणारा सेन्सर असतो, संगणकात एक तक्ता असतो, आणि कोणत्या तापमानाला किती पेट्रोल द्यायचे ते आकडे त्या तक्त्यात माझ्यासारखा कोणीतरी भरून ठेवतो. ज्युनियरमध्ये हे काम माझ्या उजव्या पावलाकडे आहे, आणि त्या पावलाला तापमान कळते ते मोज्यातून.

हे जादा पेट्रोल कसे द्यावे, याविषयी वेबरधारकांत दोन संप्रदाय आहेत आणि त्यांच्यात रोटीव्यवहारदेखील जेमतेमच असावा. पहिला संप्रदाय चोकवाल्यांचा. या कार्ब्युरेटरमध्ये नेहमीसारखी हवा अडवणारी झडप नसते. थंडीत पेट्रोल पुरवणारी एक छोटी निराळी वाट असते आणि खटका ओढला की ती उघडते. पण ती वाट नीट वाहायची तर मुख्य झडपा मिटलेल्या हव्यात, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पायाचे बोटही ठेवता कामा नये. दुसरा संप्रदाय पंपवाल्यांचा. ॲक्सिलरेटर दाबला की प्रत्येक घशात पेट्रोलची एक बारीक चिळकांडी उडते, तेव्हा सेल्फ मारण्यापूर्वी तो तीन-चार वेळा तळापर्यंत दाबावा आणि चोकची तार काढूनच टाकावी, असे ते सांगतात. एकाचा मंत्र 'पाय लावू नका' आणि दुसऱ्याचा 'पाय दाबा'. दोन्ही मते यंत्रशास्त्राला धरून आहेत, हे मी अधिकारवाणीने सांगू शकतो. माझी गाडी मात्र एका दिवशी एका मताने सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी त्याच मताने प्लग भिजवून बसते.

थोडक्यात, अधिक महिन्यात आलेल्या जावयाचे जसे करावे लागते, तसेच तिचे करावे लागते. मानपानात कमी पडले तर रुसवा, जास्त झाले तर अजीर्ण, आणि नेमके काय हवे ते शेवटपर्यंत सांगायचे नाही.

यंदा मार्चच्या आरंभी आई नाशिकहून आमच्याकडे आली होती. रविवारी तिला सुपेर्गाच्या टेकडीवर नेऊन आल्प्स दाखवावा, असे ठरले. बायकोने ट्रामचा आणि बसचा विचार मांडला, परंतु मी तो गांभीर्याने घेतला नाही. हिवाळ्यात हवा बिघडली की तुरिनमध्ये जुन्या गाड्यांवर निर्बंध येतात, बर्फ पडले की रस्त्यावर मीठ टाकतात, आणि सत्तरच्या दशकातल्या इटालियन पत्र्याला मीठ दिसले की तो विरघळण्याच्या तयारीला लागतो, म्हणून गाडी कित्येक आठवडे बाहेर निघालेली नव्हती. त्या रविवारी हवा स्वच्छ होती, रस्ते कोरडे होते आणि मीठ पावसाने धुऊन नेले होते, म्हणजे कसलीही सबब उरलेली नव्हती.

सकाळी तळघरात दोन अंश तापमान होते. आई शाल गुंडाळून पुढच्या सीटवर बसली आणि पायाशी ठेवलेली लाल बाटली कशाची, असे तिने विचारले. आग विझवण्याची आहे, हे मी शक्य तितक्या सहज सुरात सांगितले. कार्ब्युरेटरला कधीकधी उलटी शिंक येते आणि त्या शिंकेबरोबर ज्वाळाही येते, हा तपशील वगळला. मग मी किल्ली फिरवली. इंजिन कण्हत फिरले, थांबले, पुन्हा फिरले. एकदा फट्‌ असा आवाज झाला, आणि लिफ्टचे दार उघडून मिराफिओरी अवतरले.

"अरे, पेट्रोल जास्त झालंय," आई म्हणाली. "वास नाही येत का तुला?"

आईने आयुष्यात स्टिअरिंगला हात लावलेला नाही. परंतु आमच्या वडिलांकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली पद्मिनी होती, जिला नाशकात आम्ही सगळे फियाटच म्हणत असू. डिसेंबरातल्या गारठ्यात वडील चोक ओढून सेल्फ मारत आणि आई ओट्यापाशी उभी राहून केवळ आवाजावरून निदान करीत असे. निदान तेव्हाही बरोबर असे आणि आताही होते. फोरमनसाहेबांना मराठी येत नाही, पण 'पेट्रोल' हा शब्द आणि तिचा हातवारा त्यांना पुरेसा होता. त्यांनी आईकडे पाहून आदराने मान लववली. माझ्याकडे पाहून असे त्यांनी अद्याप केलेले नाही.

आल्फाच्या इंजिनाचा एक उपकार मानायला हवा. तिचे प्लग दोन कॅमशाफ्टच्या मधोमध सरळ वरून हाती येतात, खाली वाकावे लागत नाही. चारही प्लग काढले. प्रत्येकाच्या तोंडाशी मध्यभागी एक आणि भोवती चार टोके असतात, आणि त्या पाचांच्या फटींत पेट्रोल चमकत होते. ते फडक्याने पुसून, उन्हात नाहीतर निदान फुंकर घालून वाळवावेत, असे मला वाटत होते. फोरमनसाहेबांच्या मते प्लग गरमच बसवायला हवे होते, कारण मिराफिओरीत तसेच करीत. मी वर स्वयंपाकघरात गेलो. गॅसच्या शेगडीवर ठेवण्याजोगी एकच वस्तू हाताला लागली, ती म्हणजे आईने बॅगेतून आणलेली पापड भाजायची जाळी. नीट पुसलेले चार प्लग तिच्यावर ओळीने मांडून मी मंद आचेवर फिरवून फिरवून भाजत असताना बायको दारात येऊन उभी राहिली. ती काही बोलली नाही. संध्याकाळी पापड तळलेले होते.

गरम प्लग फडक्यात धरून खाली धावलो, ते बसवले, पाय ॲक्सिलरेटरवर तळापर्यंत दाबून धरला, म्हणजे इंजिनात साचलेले पेट्रोल भरपूर हवेबरोबर निघून जावे, आणि सेल्फ मारला. आधी एक सिलिंडर लागला, मग त्याच्या जोडीला दुसरा, थोड्या वेळाने नाखुशीने तिसरा. तीन सिलिंडरांवर आल्फा जो आवाज काढते, तो पहिल्या मजल्यावरच्या बाईंना विशेष अप्रिय आहे, आणि तळघरात इंजिन विनाकारण चालू ठेवू नये, अशी सूचना लिफ्टशेजारी लागली आहे ती त्यांच्याच आग्रहाने. मी हलकी रेस देत राहिलो. चौथा लागला, आणि एकदम सारा बेसूर नाहीसा होऊन तो घोगरा, भरदार सूर उमटला. त्या सुरासाठी माणूस या फंदात पडतो. फोरमनसाहेब घड्याळाकडे पाहत म्हणाले, "आता निघा. उभ्या उभ्या तापवू नका." यात मात्र ते पूर्णपणे बरोबर आहेत, कारण थंड इंजिन जागच्या जागी चालू ठेवले की जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल धुऊन काढते.

निघालो, तरी निघालो असे म्हणता येत नाही. या जातीच्या आल्फांचा दुसरा गिअर थंडीत कुरकुरतो, ही गोष्ट मालकांच्या पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना सांगत आल्या आहेत. गिअरबॉक्समधले तेल गरम होईपर्यंत पहिल्यावरून थेट तिसरा टाकावा, नाहीतर आतून दात कुरकुरल्याचा आवाज येतो. 'आक्वा'चा, म्हणजे पाण्याचा, काटा लवकर वर सरकतो, इंजिनातल्या तेलाला तापायला उशीर लागतो, आणि गिअरबॉक्सला तर काटाच नाही. त्यामुळे पो नदीच्या काठाने आमच्या मागे सायकलवाले जमा झाले. आईने दोनदा "याला दुसरा नाहीच का?" असे विचारले. सुपेर्गाच्या वळणांवर मात्र तेल गरम झाले, दुसरा गिअर लोण्यासारखा पडला, चारही घसे एका सुरात गाऊ लागले, आणि मागच्या अरुंद सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली बायकोही म्हणाली की, गाडी छान चालते आहे. आम्ही चर्चपाशी उतरलो, बर्फाच्छादित आल्प्स पाहिला, कॉफी घेतली आणि परत आलो. गाडी सुरू होईना.

आता कारण नेमके उलटे होते. थंडीत गाड्या सुरू व्हाव्यात म्हणून हिवाळ्यात चटकन उडणारे पेट्रोल विकतात, आणि ते अजून टाकीत होते. वर मार्चचे ऊन चांगलेच तापले होते. चढण चढून आलेले इंजिन बंद झाल्यावर त्याची सारी धग कार्ब्युरेटरच्या वाट्यांना लागली, आणि त्यातले पेट्रोल उकळून घशात सांडले. मी हे आईला नीट समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "थंड असली तरी लागत नाही, तापली तरी लागत नाही, मग नक्की कुठल्या हवेत चालवायची असते रे ही?"

मी बॉनेट उघडले. इटलीत जुन्या आल्फाचे बॉनेट उघडणे म्हणजे सभेची नोटीस काढण्यासारखे आहे. रविवारच्या सुटात आलेले एक आजोबा, दोन मोटारसायकलस्वार आणि हातातले कुत्रे सांभाळणारे एक गृहस्थ क्षणात भोवती जमले. मोटारसायकलस्वारांचे म्हणणे, पाय तळापर्यंत दाबून सेल्फ मारा. आजोबांचे म्हणणे, हात लावू नका, सिगारेट ओढून होईपर्यंत थांबा. कुत्रेवाल्यांना मुळात वेबरच्या जागी देलोर्तोचे कार्ब्युरेटर हवे होते, आणि तो विषय निघाल्यावर बाकीचे सगळे त्यांच्यावर तुटून पडले. या गदारोळात इतका वेळ गेला की इंजिन निवले, आणि आता चोक ओढायचा की नाही, यावर नवा वाद पेटला. तेवढ्यात आई आणि बायको, पायथ्याच्या सास्सीहून या टेकडीवर १८८४ पासून चढणाऱ्या दातेरी रेल्वेच्या स्टेशनाकडे चालू लागल्या होत्या. वळणावर थांबून आईने ओरडून विचारले, "तुझंही तिकीट काढू का रे?"