लाडू-चिवड्याच्या पिंजऱ्याबद्दल: एक स्टारच्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमची तक्रार रविवारी रात्री वाचली आणि सोमवारी दुकान उघडल्या उघडल्या डिसेंबरचं बिल काढून बघितलं. फोनवरही बोलता आलं असतं. पण तुम्ही चारचौघांत लिहिलंय, आणि हाच पिंजरा आमच्याकडून आणखी काही जणांनी नेलाय, म्हणून उत्तरही इथेच देतो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. डिसेंबरात तुम्ही ३,२०० रुपयांना दोन मजली ‘लार्ज’ पिंजरा घेतलात, खोक्यावर गिनीपिगचा फोटो होता. लाडू आणि चिवडा हे तुमचे गिनीपिग, दोघंही नर, तेव्हा दीड महिन्याचे होते. मार्चपासून ते एकमेकांच्या अंगावर धावून जायला लागले आणि चिवड्याच्या मागच्या पायाच्या तळव्याला लाल जखम झाली. विचारायला दुकानात आलात, तर आमच्याकडे कामाला असलेल्या मुलाने ‘एक मादी आणा, भांडण थांबेल’ असा सल्ला दिला आणि मी ‘पिंजरा लहान पडतोय’ असं म्हणालो. तुमचं शेवटचं वाक्य : ‘आधी लहान विकायचा आणि मग मोठा गळ्यात मारायचा, हा यांचा धंदा.’

पिंजरा चुकीचा विकला, हे खरं आहे. तो पिंजरा आत २ फूट लांब आणि दीड फूट रुंद आहे, म्हणजे ३ चौरस फूट. त्यात लपायचं एक घर, गवताची जागा आणि खाण्याचं भांडं ठेवलं की जेमतेम निम्मी फरशी मोकळी राहते. वाढ झालेला गिनीपिग ९-१० इंच लांब आणि साधारण किलोभर वजनाचा असतो. असे दोन प्राणी दीड चौरस फुटात वळतील, पण चालणार कुठे? डिसेंबरात ते मुठीएवढे होते, म्हणून तुम्हाला आणि आम्हालाही पिंजरा ऐसपैस वाटला. मी तरी तेव्हाच्या मापावर जायला नको होतं. हे प्राणी ५ ते ८ वर्षं जगतात आणि त्यातले पहिले दोन-तीन महिनेच लहान असतात.

आता दुसऱ्या मजल्याचं. मी या धंद्यात पक्ष्यांच्या पिंजऱ्यांतून आलो. पक्षी वरच्या दांडीवर बसतो, उंची वापरतो. तोच हिशेब मी गिनीपिगला लावला आणि ‘दोन मजले म्हणजे दुप्पट जागा’ असं गिऱ्हाइकांना सांगत राहिलो. गिनीपिग चढणारा प्राणी नाही. आखूड पाय, जड अंग, आणि त्याला हौस एकाच गोष्टीची, जमिनीवर सरळ रेषेत पळायची. खुशीत आला की तो जागच्या जागी उड्या मारतो, अंग वळवून पुन्हा पळतो. त्यासाठी समोर चार-पाच फुटांची सलग फरशी लागते. तुमच्या पिंजऱ्यातली शिडी एवढी उभी आहे की लाडू वर गेलाच नसेल. गेला असेल तर उतरताना घसरला असेल. वरचा मजला जाळीचा आहे, आणि खालच्या ट्रेवरही जाळी येते. चिवड्याची जखम मला तिथलीच वाटते. या प्राण्याच्या तळव्याला केस नसतात, कातडी मऊ असते. जाळीवर सतत उभं राहून किंवा ओल्या, घाण झालेल्या अंथरुणावर बसून ती सोलवटते आणि पुढे आत पू होतो.

म्हणून पुढचं सगळं वाचण्याआधी दोन कामं कराच. जाळी आजच काढा आणि खाली वर्तमानपत्राचा जाड थर आणि त्यावर जुना टॉवेल घाला. आणि चिवड्याला लहान प्राणी बघणाऱ्या पशुवैद्यांकडे न्या. घरात माणसांसाठी आणलेलं अँटिबायोटिक उरलेलं असेल तर त्यातलं थोडंसुद्धा देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधं तोंडातून गेली तर गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि प्राणी दगावू शकतो. आणखी एक, माणसाप्रमाणेच यांच्याही शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि ते कमी पडलं की जखम भरत नाही. रोज ढोबळी मिरचीची एखादी फोड आणि थोडी कोथिंबीर द्या.

मादीच्या सल्ल्याबद्दल मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. तो मुलगा कामावर नवीन आहे, पण शिकवायचं काम माझं होतं. दोन नरांमध्ये मादी आणली तर आज दात कटकटवताहेत ते उद्या रक्त काढतील. आणि मादी दोन महिन्यांत विते. व्याल्यावर काही तासांत तिला पुन्हा गर्भ राहू शकतो. पिल्लं डोळे उघडे घेऊनच जन्मतात आणि त्यांतले नर तीन आठवड्यांचे झाले की तेही माजावर येतात. वर्षभरात घरात किती प्राणी होतील याचा विचार करा. शिवाय सहा-सात महिन्यांची होईपर्यंत मादीचं पहिलं बाळंतपण झालं नसेल तर तिचं कमरेचं हाड सांधलं जातं आणि नंतरच्या बाळंतपणात ती मरू शकते. तुम्ही मादी आणली नाहीत, याबद्दल तुमचे आभार मानतो.

आता तुमचं शेवटचं वाक्य. ते मला मान्य नाही, आणि का नाही ते सांगतो. जानेवारीच्या शेवटी मी स्वतः दोन नर घरी ठेवले, त्याच पिंजऱ्यात. दोन महिन्यांत मला जे दिसलं तेच तुम्ही लिहिलंय. पुरवठादाराला विचारलं, तर त्याने मला अमेरिकेतला एक कायदेशीर आकडा दाखवला : ३५० ग्रॅमपेक्षा जड गिनीपिगला किमान १०१ चौरस इंच, म्हणजे पाऊण चौरस फुटाहूनही कमी. आकडा खरा आहे. पण तो प्रयोगशाळेतल्या वगैरे जनावरांसाठी कायद्याने घातलेली शेवटची मर्यादा आहे. घरात पोरांबरोबर वाढणाऱ्या प्राण्यासाठी ते माप नाही. घरी पाळणाऱ्यांमध्ये जे माप सर्रास धरलं जातं ते दोघांसाठी किमान साडेसात चौरस फूट, आणि शक्य असेल तर साडेदहा. दोन्ही नर असतील तर मी साडेदहाच्या आसपासच राहा म्हणतो, कारण नराला आपली हद्द लागते. चार महिन्यांच्या पुढे त्यांचं दांडगाईचं वय सुरू होतं. तेव्हा एकाला दुसऱ्यापासून चार पावलं लांब जाता आलं नाही की भांडण होतंच. आपल्याकडच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही, कलम ११ मध्ये, हालचालीला पुरेशी उंची, लांबी, रुंदी नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणं गुन्हा धरलंय. तिथे इंचांचा आकडा नाही, पण हा पिंजरा तिथे टिकला नसता असं मला वाटतं.

म्हणजे मार्चमध्ये मी तुम्हाला ‘लहान पडतोय’ म्हणालो ते मोठा विकायला नाही, तोवर मला कळलं होतं म्हणून. चूक ही झाली की कळल्यावर मी तुमची वाट बघत बसलो. तुम्हाला आधीच फोन करायला हवा होता. या आठवड्यात बिलं चाळून हा पिंजरा नेलेल्या १४ घरांना आम्ही फोन करतोय. शिल्लक होते ते ‘लार्ज’चं लेबल काढून फक्त डॉक्टरकडे ने-आण करायचा किंवा आजारी प्राणी दोन-चार दिवस ठेवायचा पिंजरा म्हणून ठेवलेत, जाळी काढून.

तुमचे ३,२०० रुपये पूर्ण परत. त्या बदल्यात आमच्याकडून काही घ्यायची अट नाही, आणि मी तर म्हणतो घेऊच नका. आमच्याकडे तयार मोठा पेन, म्हणजे जमिनीवर मांडायचं वरून उघडं कुंपण, ५,८०० ला आहे. तसाच घरी निम्म्याहून कमी पैशांत होतो. १४ इंची चौकोनी जाळ्या मिळतात, कपाटासारखं शेल्फ उभारायच्या, त्या १२ घ्या. लांबीला चार, रुंदीला दोन लावून केबल टायने बांधा. तळाला सनपॅक शीट, जाहिरातीचे बोर्ड बनवतात ते, ८ बाय ४ फुटांच्या पूर्ण शीटमध्ये काम होऊन उरतं. ६७ बाय ३९ इंचाचा तुकडा कापा, चारही बाजूंनी ६-६ इंचांवर कटरने अर्धवट छेद द्या, कोपरे चिरून कडा वर दुमडा आणि टेपने चिकटवा. आत ५५ बाय २७ इंचाचा तळ मिळतो, सव्वादहा चौरस फूट. वर झाकण लागत नाही. मोठे गिनीपिग १४ इंचांवरून उडी मारत नाहीत. घरात मांजर असेल तर मात्र झाकण हवंच.

‘एक बेडरूमच्या फ्लॅटमध्ये एवढी जागा कुठून आणू’ हे तुम्ही लिहिलंय, आणि तो प्रश्न खराच अवघड आहे. एवढी जागा म्हणजे चार माणसांचं जेवणाचं टेबल. बऱ्याच घरांत दिवाणासमोरच्या भिंतीला बसते. टीव्हीच्या खाली बसवलेलीही मी पाहिलीय, फक्त आवाज कमी ठेवावा लागतो. गॅलरीत मात्र नको. आपल्या पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला जातो, आणि या प्राण्याला तिशीच्या पुढचं ऊन सोसत नाही, उष्माघाताने जातात. हॉलमध्ये, थेट ऊन येणार नाही अशा जागी ठेवा आणि पेनच्या एका कोपऱ्यात शहाबादी फरशीचा तुकडा टाका. दुपारी दोघं त्यावर पोट टेकून पडलेले दिसतील. तुम्ही रोज संध्याकाळी तासभर हॉलमध्ये सोडता हे फार चांगलं आहे, चालू ठेवा. पण हे प्राणी दिवसा-रात्री थोडं थोडं झोपतात आणि उरलेल्या वेळात जागेच असतात, म्हणून बाकीचे २३ तासही मोजायला हवेत.

जागा वाढवली की भांडण त्याच दिवशी थांबेल असं मी म्हणणार नाही. नवा पेन पूर्ण स्वच्छ करून, जुना वास नसलेल्या जागी दोघांना एकदमच सोडा. सगळं दोन-दोन ठेवा : दोन बाटल्या, दोन गवताचे ढीग, दोन घरं. घराला दोन दारं पाडा, म्हणजे एक आत अडकून पडणार नाही. कंबर हलवत घुरघुरणं, एकमेकांच्या पाठीवर चढणं, मागे लागणं, हे चालू द्या, ती त्यांची ठरवाठरवी असते. दात सतत कटकटत असतील आणि मानेवरचे केस उभे राहिले तर मध्ये पुठ्ठा धरा, हात घालू नका. रक्त निघालं तर वेगळे करा, पण दोन खोल्यांत नाही. त्याच पेनमध्ये मध्ये जाळी लावा, म्हणजे एकमेकांना दिसतील, वास येईल. गिनीपिगला एकटं ठेवलं की तो खाणं-पिणं, हिंडणं कमी करतो.

अंथरुणाला भुसा घेऊ नका, धुळीने छाती भरते. गवत मात्र दिवसभर समोर हवं. फवारणी नसलेली हरळी चालते. मोठ्या वयात लसूणघास रोज नको, त्यात चुन्याचं प्रमाण जास्त, मूतखडे होतात.

दुकान सकाळी १० ते रात्री ८ उघडं असतं, मंगळवारी बंद. पिंजरा धुऊन आणायची गरज नाही आणि बिल सापडलं नाही तरी चालेल, आमच्याकडे आहे. येणं जमत नसेल तर मी घरी येऊन घेऊन जातो, पैसे तिथेच देतो. तोवर चिवड्याच्या पायाबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते फक्त कळवा.