दानशूर व्हायचंय? मग त्वरा करा, सण संपत आला!

सणासुदीचे दिवस आले की तुमच्या पोटात काहीतरी कालवायला लागतं. ते अपचन नसेल तर दया असते. वर्षभर गाढ झोपलेली ही बया आता चार दिवसांसाठी उठून बसलीच आहे, तर तिच्याकडून कामं कशी करून घ्यावीत याबद्दल थोडे अनुभवाचे बोल. अनुभव माझाच, आणि ताजा, गेल्या रविवारचा. सुट्टीच्या दिवशी मी एका वृद्धाश्रमात मदतीला जाते. मदत म्हणजे काय, तर मुख्यतः तुम्ही पाठवलेली गाठोडी सोडते.

तर सुरुवात माळ्यापासून करा. जे तुम्हाला नको, नातेवाइकांना नको, भंगारवाल्यानेही हात जोडून परत केलं, ते गरजूंना हमखास चालतं. चेन गेलेली पँट, काखेत उसवलेला स्वेटर, डाव्या पायाचा बूट. (उजवा कधी पाठवताय? जागा राखून ठेवली आहे.) धुवायच्या भानगडीत पडू नका, गरिबांना वेळच वेळ असतो. कुणी नाक मुरडलंच तर सुनवा, धर्माच्या गाईचे दात मोजायचे नसतात म्हणून.

काय हवंय ते आधी फोन करून चुकूनही विचारू नका. उत्तर मिळायचा धोका असतो.

औषधं मात्र जरूर द्या. खोकल्याची अर्धी बाटली, झाकण चिकटून बसलेलं, तारीख उलटून वर्ष झालेलं, फेकवत नाही ना? द्या पाठवून. तुमची परंपरा थोर आहे. बॉस्नियात युद्ध चालू असताना जगाने इतक्या प्रेमाने औषधं पाठवली की १९९६च्या मध्यापर्यंत तिथे निरुपयोगी औषधांचाच साठा सुमारे १७ हजार टनांवर गेला होता. २००४च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांतात वीस लाखांच्या आतल्या लोकांसाठी चार हजार टन औषधं येऊन पडली आणि त्यांतल्या कितीतरी खोक्यांवरची भाषा तिथे कुणाला वाचता येईना. असली औषधं नष्ट करायलाही पैसे पडतात, तेही ज्याचं घर वाहून गेलंय त्याच्याच माथी. जागतिक आरोग्य संघटना १९९६ पासून सांगतेय की दान केलेलं औषध पोहोचेल तेव्हा त्याची निदान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी. पण संघटनेचं काय ऐकायचं, तिच्याकडे तुमच्यासारखं हृदय थोडंच आहे?

रोख पैसे देऊ नका. ते वीजबिलात जातात, आणि वीजबिलासोबत फोटो काढता येत नाही.

आलो मुद्द्यावर. फोटो. ज्याचा फोटो नाही ते दान नाही, ती निव्वळ नुकसानी. रविवारी एक मंडळ दहाला येणार होतं, आलं साडेबाराला. तोपर्यंत आमच्या आज्या सकाळपासून आंघोळ करून, वेण्या घालून हॉलमध्ये खुर्च्यांवर मांडलेल्या. एकीला दर तासाला उठवून न्यावं लागतं. ती जागची हलेना, म्हणे 'लोक येतील गं'. जेवणं खोळंबली. मग मंडळ आलं आणि आधी भिंतीवर फ्लेक्स लागला. पंधरा हसरे चेहरे, नावं, पदं. मग एकेक ब्लँकेट. 'आजी, इकडे बघा, हसा की जरा.' कुणाचे तरी डोळे मिटले, पुन्हा. सर फ्रेममध्ये नव्हते, म्हणून दिलेलं ब्लँकेट परत घेतलं, सरांच्या हातात दिलं, पुन्हा. शेवटच्या आजींना दिसत नाही. त्या आपल्या ब्लँकेट ओढतायत आणि म्हणतायत, 'घेतलं हो बाळा, घेतलं.' ब्लँकेट येत नव्हतं, कारण दुसरं टोक सरांनी धरून ठेवलं होतं आणि सर कॅमेऱ्याकडे बघत होते.

अहो, सोडा की ते! दिलंय ना? मग सोडा!

त्या आठवड्यातलं ते त्यांचं तिसरं ब्लँकेट होतं. पलंग एक, आजी एक, ब्लँकेटं तीन. आणि सण उरकला की पुढचे कित्येक महिने दारात कुणी चिटपाखरू नाही. म्हाताऱ्या माणसांना काय फक्त सणाला थंडी वाजते? भूक काय तुमची सुट्टी बघून लागते? रात्री दोनला कूस बदलून द्यायला बाई लागते, तिला दर महिन्याला पगार लागतो. मोठ्यांचे डायपर लागतात, ते रोज लागतात. हे कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं आहे, ठळक, तुमच्या फ्लेक्सच्या बरोबर शेजारी. पंधरा जणांतल्या एकाने वाचलं नाही. लाज वाटत नाही? म्हातारीला चार मिनिटं बसून 'कशा आहात' विचारायला काय पैसे पडत होते? तेवढा वेळ नव्हता, कारण पुढच्या आश्रमात एकची वेळ दिली होती. तिथल्याही आज्या बसल्या असतील वेण्या घालून.

वीस मिनिटांत मंडळ गेलं. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आम्ही गोळा केल्या, फ्लेक्स तसाच राहिला होता. तो मात्र कामाचा निघाला. चांगला जाड आहे, ओल आत जात नाही. दुमडून त्या न दिसणाऱ्या आजींच्या गादीवर, चादरीखाली घातलाय. डायपर येईपर्यंत सर आणि मंडळ तिथेच असतील.