मुद्दल मेणाचं, व्याज मोगऱ्याचं

बँकेत चौतीस वर्षं मी टक्केवारीवर जेवलो. लोकांच्या ठेवींचं व्याज काढता काढता डोक्यावरचे केस गेले, पण पैशाचा फरक कधी राहू दिला नाही. त्यामुळे गणपती विसर्जन आटोपल्यावर बायको म्हणाली, "अहो, यंदा भिशीतल्या बायकांना दिवाळीला घरच्या मेणबत्त्या देऊ, वासाचा हिशेब तेवढा तुम्ही बघा," तेव्हा मला तिची कीवच आली. शेकडा आठ. त्यात बघायचं काय?

ग्लास वीस, प्रत्येकात शंभर ग्रॅम सोया मेण, म्हणजे दोन किलो. आठ टक्क्यांनी मोगऱ्याचं सुगंधी तेल 160 ग्रॅम. वहीत आकडा लिहून खाली दुहेरी रेघ मारली. रेघ वाळायच्या आत शंका आली: हे आठ टक्के कशावर? नुसत्या मेणावर, की मेण आणि तेल मिळून जी रक्कम होईल तिच्यावर? मुद्दलावर धरलं तर 160. मुदतअखेरच्या रकमेवर धरलं तर 174. चौदा ग्रॅमची तफावत! चौदा पैशांसाठी मी एकदा रात्री साडेनऊपर्यंत शाखेत बसलो आहे.

दोन दिवसांनी कळलं, की मेणबत्त्या करणारे बहुतेक जण मुद्दलावरच धरतात. जीव भांड्यात पडतो तोच मोबाइलवर एक अमेरिकन बाई भेटल्या. त्यांचं म्हणणं, एका पाउंडाला एक औंस. पाउंडाचे औंस सोळा, म्हणजे दर सव्वासहा टक्के. इथवर ठीक. पण औंसही दोन निघाले. वजनाचा 28.35 ग्रॅमचा आणि मापाचा साधारण 29.6 मिलिलिटरचा. यातला कुठला, ते बाई सांगत नव्हत्या, नुसत्या गोड हसत होत्या. इकडे आमच्या बाटलीवर लिहिलेलं 100 मिली. तेल काट्यावर ओतलं तर भरलं 94 ग्रॅम. त्या दिवसापासून मी मिली हा शब्द घरात उच्चारू देत नाही.

"एवढा काथ्याकूट कशाला? अंदाजाने घाला," बायको म्हणाली. ही बाई आमटीत मीठ चिमटीने घालते आणि ते कधी चुकत नाही, हे माझं जुनं दुखणं आहे.

मी आधी नमुना करायचं ठरवलं. मेण पन्नास ग्रॅम, तेल चार ग्रॅम. मेण वितळवलं, ऐंशी अंशांवर आणलं, भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्यावर घेतला आणि ड्रॉपरने थेंब सोडू लागलो. एक, दोन, दहा, वीस. काट्यावर शून्य. हे स्वयंपाकघरातले काटे एकेक थेंबाची दखल घेत नाहीत, ही गोष्ट मला नंतर कळली. त्या वेळी मी वाट बघत होतो, काटाही वाट बघत होता. शेवटी वैतागून बाटलीच तिरकी केली. त्यासरशी काटा दचकून जागा झाला आणि एकदम सात दाखवू लागला. म्हणजे चौदा टक्के! एवढं व्याज बँकेने मला आयुष्यात कधी दिलं नाही.

ती मेणबत्ती गार झाल्यावर तिला अक्षरशः घाम फुटला. अंगावर तेलाचे बारीक मणी. वात पेटवली तर तडतडली, काळा धूर सोडला आणि स्वतःच्याच तेलात बुडून गेली. दुसऱ्या दिवशी सोनाराकडचा असतो तसला छोटा काटा घेऊन आलो. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा.

खऱ्या घाण्याला मात्र नाकाने दगा दिला. 160 ग्रॅम चोख घातले, हलवलं, हुंगलं, तर काही नाही. पुन्हा हुंगलं. मोगरा गायब. मी बाटलीकडे हात नेला, तेवढ्यात दाराची बेल वाजली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. "काय हो, लग्नबिग्न आहे का घरात? जिन्यात गजऱ्यांचा घमघमाट सुटलाय." तासभर वासात बसलेलं नाक साक्षीला उभं करायचं नसतं. त्यात आमच्या नाकाने सकाळपासून ओव्हरटाइम केलेला.

तरी पेटवून बघायची घाई मला होतीच. बायकोने ग्लास उचलून फळीवर ठेवले. "पंधरा दिवस मुरू दे. लोणचं घातल्या दिवशीच चाखता का?" सोया मेणाला मुरायला साधारण तेवढेच दिवस लागतात, हे वाचून मी गप्प बसलो.

मग घरचा साबणही करायला घेतला, तर त्यात मुद्दलच निराळं निघालं. कॉस्टिक सोड्याचा साबण घरी करायचा तर टक्के धरायचे फक्त तेलांच्या वजनावर, पाणी आणि सोडा हिशेबाबाहेर. पाचशे ग्रॅम तेलांना तीन टक्के, म्हणजे पंधरा ग्रॅम सुगंध. पण मला हवा होता लवंगेचा वास, आणि लवंगेचं तेल कातडीला झोंबतं. म्हणून दर अर्ध्या टक्क्यावर आणला. अडीच ग्रॅम. नव्या काट्यावर 2.50, पुढेमागे काही नाही. लेजर टॅली झाल्यासारखं वाटलं.

लवंगेची एक खोड आहे, ती साबणाचं मिश्रण बघता बघता घट्ट करते. साचे पुसून आणेपर्यंत पातेल्यात पिठल्याचा गोळा झाला होता. मी कपाळावर हात मारला. बायकोने हातमोजे चढवले आणि सरळ लाडू वळायला घेतले. सव्वीस झाले. सहा आठवडे माळ्यावर ठेवले, वर चिठ्ठी लावली: खाऊ नयेत.

नरकचतुर्दशीला पहाटे उटणं लावून झाल्यावर मोठ्या दिमाखात त्यातला एक लाडू घेऊन न्हाणीघरात गेलो. फेस झकास आला. अंग पुसून, नवा सदरा घालून बाहेर आलो, तर नात जवळ आली, दोनदा हुंगलं, आणि काळजीने म्हणाली, "आजोबा, दात दुखतोय का?"