बोरं, बांडगूळ आणि आमच्या टेबलावरची भूक

गेल्या महिन्यात एका रविवारी बेळगावात, टिळकवाडीत, बाहेर पाऊस कोसळत होता, ताटलीत मिरची भजी गार होत होती, आणि आम्ही सहा जण पाऊण तास बोरांवरून भांडत होतो. खरी बोरं नव्हेत. डंजन्स अँड ड्रॅगन्स ह्या टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन, फासे टाकत गोष्ट रचायच्या खेळातला गुडबेरी नावाचा स्पेल, म्हणजे मंत्र. ग्रुपवर त्याचा धूर अजून निघतोय, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

आम्ही अजून २०१४ च्या नियमांच्या पुस्तकावर खेळतो. (त्याच वर्षी आमच्या गावाचं सरकारी नाव बेळगावी झालं. दोन्ही बदल अंगवळणी पडायला आम्हाला वेळच लागला.) कॅम्पेन, म्हणजे चालू असलेली लांबलचक गोष्ट, माझं; म्हणजे डीएम (डंजन मास्टर, जग रचणारा आणि खेळ चालवणारा) मी. पाच जणांची टोळी बारा दिवसांचं जंगल तुडवून एका पडक्या किल्ल्याकडे निघालीय. जंगल मी जांबोटी-कणकुंबीकडचं डोळ्यासमोर ठेवून रचलंय: चिखल, जळवा, दिवसभर धुकं, पाच हातांवरचं दिसत नाही. मध्ये दोन राज्यांची वादातली हद्द आहे आणि दोघांच्याही पाट्या लागल्यात. सीमाभागातल्या माणसाला नकाशा काढायला दिलात तर दुसरं काय येणार?

ह्या प्रवासात खरा शत्रू भूक. नियमही तसे आहेत. माणसाला दिवसाला एक पौंड अन्न लागतं. उपाशी राहता येतं ते तीन दिवस अधिक कॉन्स्टिट्यूशनचा मॉडिफायर (पात्राच्या काटकपणाचा आकडा), आणि त्यापुढे रोज थकव्याची एक पायरी. सहाव्या पायरीला खेळ खलास. मी शिधा मोजायला वही घातली होती. किती दिवसांचा शिधा, कोणाच्या पाठीवर किती वजन, पावसात काय भिजलं, सगळं लिहून.

पहिल्याच रात्री माझ्या मावसबहिणीच्या ड्रुइडने (निसर्गाची जादू करणारं पात्र) गुडबेरी टाकला. पहिल्या लेव्हलचा एक स्लॉट (स्पेल टाकायच्या मोजक्या संधींतली एक) गेला आणि दहा बोरं आली. एक बोर खाल्लं की एक हिट पॉइंट (पात्राचा जीव मोजायचा आकडा) परत, आणि त्या माणसाचं दिवसभराचं पोट भरलेलं. पाच माणसांना पाच बोरं पुरली आणि पाच उरली. माझी वही पहिल्या रात्रीच मिटली.

आमचा रोग (आजार नव्हे, इंग्रजीतला rogue, चोरटं पात्र) खेळणारा मित्र कन्नड घरातला. मुक्काम पडला की तो कॅरेक्टरमध्ये राहून विचारतो, "ऊटा आतेन?" म्हणजे जेवण झालं का. आधी ह्या प्रश्नावर टेबल गप्प व्हायचं. आता ड्रुइड हात पुढे करायची आणि सगळे हसायचे. विनोद चांगला होता, पण माझं जंगल त्यात मेलं.

मग मी एक भित्रेपणा केला, तो कबूल करतो. समोरासमोर बोलायचं सोडून दुसऱ्या रात्री वानरं पाठवली. बोरं पळवली. तिसऱ्या रात्री परत वानरं आली तेव्हा बहिणीने फासे खाली ठेवले. "मी गुडबेरी घेतलो म्हणून तू वानरं पाठवूलास होय दादा? सरळ सांग की!" बरोबर होतं तिचं. खेळाडूने पुस्तकातून उघडपणे घेतलेली गोष्ट डीएमने कथेच्या आडून काढून घ्यायची, ही चोरीच. वानरांवर ढकलली म्हणून काही फरक पडत नाही.

इथे बरेच जण म्हणतात, एवढुसा स्पेल ओव्हरपॉवर्ड कसा? फायरबॉल, आगीचा गोळा फेकणारा स्पेल, बघा की. फायरबॉल आठ सहाबाजू फाशांचा, सरासरी अठ्ठावीस, त्याच्या लेव्हलच्या मानाने दणदणीत. मान्य. पण फायरबॉलने लढाई लवकर संपते, लढाई व्हावी का हा प्रश्न संपत नाही. शत्रू जास्त आणता येतात, पांगवता येतात. गुडबेरीने प्रश्नच पुसला जातो. ज्या टेबलावर गावातल्या गावात कटकारस्थानं चालतात, तिथे हाच स्पेल अगदी गरीब. तिथे कोण उपाशी राहतो? म्हणून स्पेल किती ताकदीचा हे मी आकड्यावरून ठरवत नाही. आपण टेबलावर काय खेळायला बसलोय आणि हा स्पेल त्यातलं काय गिळतो, ते बघतो.

बहिणीची पुढची खेळी आकड्यांचीच होती म्हणा. ड्रुइडला जोडून लाइफ डोमेन क्लेरिकची (जखमा बऱ्या करण्यात तरबेज पुरोहित पात्राची) एक लेव्हल घेतली तर बरं करणाऱ्या स्पेलला दोन अधिक स्पेलची लेव्हल एवढे जास्तीचे पॉइंट मिळतात. म्हणजे प्रत्येक बोरामागे तीन जास्त, एकाचे चार, दहा बोरांचे चाळीस. पहिल्या लेव्हलच्या एका स्लॉटात! शेजारी बिचारा क्युअर वुंड्स, जखम भरायचा त्याच लेव्हलचा स्पेल, एक आठबाजू फासा अधिक तीन, सरासरी साडेसात, घेऊन उभा. २०२४ च्या सुधारित पुस्तकात ही वाट बंद केली आहे: जास्तीचे पॉइंट स्पेल टाकला त्याच टर्नला मिळतात, नंतर खाल्लेल्या बोराला नाही. ती दुरुस्ती आम्ही डोळे झाकून घेतली, बहिणीनेही कुरकुर केली नाही. पण पोट भरण्याचं कलम नव्या पुस्तकातही तसंच आहे. ते आमचं आम्हालाच निस्तरायचं होतं.

ग्रुपवरचा पहिला सल्ला: बॅन कर. दुसरा: बोरं दहाऐवजी तीन कर. मी उद्यमबागेत फाउंड्रीत काम करतो. पावसाळ्यात कास्टिंगला ब्लो होल यायला लागली की नवीन पोरगा ग्राइंडर घेऊन घासायला बसतो. वरचं भोक जातं, खाली दुसरं निघतं. साच्याच्या वाळूत ओल जास्त झालेली असते, ती बघायची असते. बोरं दहाची तीन करणं म्हणजे ग्राइंडर. तीन केली तर ती दोनदा टाकेल, आणि स्लॉट संपले म्हणून लढाईत नुसती उभी राहील. कुणाच्याच हाती काही लागत नाही.

ओल कुठे होती, तर स्पेलच्या साहित्यात. गुडबेरीला मिसलटोची डहाळी लागते. मिसलटो म्हणजे आपलं बांडगूळ. जुन्या आंब्यावर हिरवागार झुपका दिसतो ना, त्याच जातीतलं. पण नियमाने ज्या साहित्याला किंमत लिहिलेली नाही ते कंपोनंट पाऊचमध्ये (स्पेलच्या साहित्याच्या पिशवीत) आहेच असं धरायचं, आणि ते संपतही नाही. म्हणजे एकच डहाळी जन्मभर. जगातल्या सगळ्या भुकेवर एक न सुकणारं बांडगूळ! मग आम्ही ठरवलं: डहाळी संपते. नवी हवी तर जुनं झाड शोधायचं, चढायचं, काढायचं. त्यात अर्धा दिवस जातो, आणि बारा दिवसांच्या वाटेवर अर्धा दिवस ही छोटी गोष्ट नव्हे.

बहीण म्हणाली, ठीक, पण माझ्याकडून घेतलास तर मला काय देतोस? हा सवाल मला फार आवडला. नुसतं काढून घेणारा बदल टिकत नाही. तिनेच सुचवलं की ताज्या डहाळीच्या बोराने एकऐवजी चारबाजू फाशाएवढे पॉइंट यावेत. एक सेशन तसं खेळलो. दहा बोरांचे सरासरी पंचवीस झाले, प्रत्येक झटापटीनंतर टोळी टवटवीत. तेही चुकलंच. मग बोरं पाच केली. सरासरी साडेबारा, आणि माणसं पाच. जखमी फायटरने (लढवय्या पात्राने) दोन खाल्ली तर एक जण उपाशी झोपणार. आता प्रत्येक बोर जखमेला द्यायचं की भुकेला, हे टोळीला ठरवावं लागतं, आणि मी काहीही न करता टेबल तापतं.

"आता तीन केली तर ग्राइंडर आणि पाच केली तर इंजिनिअरिंग?" असं एकाने विचारलंच. हो, कारण डहाळीचा नियम आधी आला, आकडा त्याला बेतून नंतर.

आमच्यातला एक टॅक्सची कामं करतो, तो अजून फुरंगटलाय. त्याचं म्हणणं, पुस्तकात लिहिलंय ते लिहिलंय, कॅम्पेन निम्म्यात आल्यावर कलम बदलायचं नाही. त्याच्या बोलण्यात दम आहे. म्हणून बदलाआधी बहिणीला विचारलं, की पटत नसेल तर स्पेल बदलून घे, ड्रुइडसुद्धा बदल. तिने नको म्हटलं. त्याने दुसरा दगडही टाकला: उद्या कुणी आऊटलँडर बॅकग्राउंड (रानात वाढलेल्या पात्राची पार्श्वभूमी) घेतलं तर तो स्पेलशिवायच स्वतःला आणि आणखी पाच जणांना रोज अन्न-पाणी शोधून देतो, त्याचं काय? त्याचं उत्तर पुस्तकातच आहे. त्या मुलखात मिळण्यासारखं काही असलं तरच. आणि मुलूख माझा आहे. (हे वाक्य जरा वानरांसारखं वाटतंय, कळतंय मला. आऊटलँडर कुणी घेतलाच तर आधी सांगेन.)

परवाच्या रविवारी प्रवासाचा सहावा दिवस होता. फायटर दोन हिट पॉइंटवर, शेवटची डहाळी वापरून झालेली, पाचांतली दोन बोरं दुपारीच त्याच्या पोटात गेलेली. मुक्काम पडला. रोगने सवयीने विचारलं, "ऊटा आतेन?" कोणी हसलं नाही. बहिणीने उरलेली बोरं मोजली, परत मोजली, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "दादा, ह्या जंगलात आंब्याची झाडं हाईत काय?"