पंचवीस हजारांत आरामात? आमच्या घरी तरी नाही

सध्या सगळ्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. पुण्या-मुंबईत लाखही पुरत नाहीत, आपल्या संभाजीनगरात मात्र २५ हजार पगारात चौघांचं घर आरामात चालतं. भाडं निम्मं, वीज-पाणी स्वस्त, धान्य गावाकडून फुकट. माझा पगार बरोबर २५ हजार आहे. चिकलठाणा एमआयडीसीत काम करतो, मुकुंदवाडीत राहतो, घरात आम्ही दोघं आणि दोन लेकरं.

भाड्याचं खरं आहे. दोन खोल्यांचे ७ हजार देतो, पुण्यात एवढ्यात भागलं नसतं.

पण २५ हजार हातात येतच नाहीत. १५ हजारांवर १२ टक्के पीएफ म्हणजे १,८०० गेले, व्यवसाय कराचे २०० गेले. उरले २३. त्यात २१ हजारांच्या वर पगार गेला की ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याच्या दवाखान्याचं, कार्ड बंद. पगार वाढला त्या वर्षी आमचा दवाखाना महाग झाला. सरकारची फुले आरोग्य योजना आहे, पण ती ॲडमिट झाल्यावर. तापाची फी आणि रोजच्या गोळ्या खिशातूनच.

वीज स्वस्त कशी? महावितरणचा दर पुण्याला तोच आम्हाला.

पाण्याचं तर बोलूच नका. जायकवाडी ५० किलोमीटरवर, आणि नळाला पाणी कित्येक दिवसांनी, तेही कधी रात्री दोनला. बायको शिवणकाम करते. पाण्याच्या दिवशी मशीन बंद, ड्रम-बादल्या भरण्यात सकाळ जाते. मधल्या दिवसांत टँकरची वर्गणी आणि प्यायला जार, महिन्याला १,२०० लागतात.

राहिलं गावाकडचं धान्य. हो, दोन पोती ज्वारी आणि तुरीची डाळ येते. आई पोत्यात कडुलिंबाचा पाला घालून, तोंड शिवून एसटीत टाकून देते. पण ते फुकट नसतं हो. मृग लागला की बी-खताला ३० हजार मीच पाठवतो, म्हणजे महिन्याचे अडीच हजार. अण्णांच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांचे १,८०० वेगळे. पाऊस हुकला त्या वर्षी सोयाबीन गेलं, ज्वारीही आली नाही. पैसे मात्र गेलेले होते. गाव शहराला पोसतं असं लिहिणाऱ्यानं जूनमध्ये आमच्या घरी यावं.

आता बेरीज करा. भाडं ७ हजार. किराणा, दूध, भाजी, गॅस ९ हजार. शाळेची फी आणि रिक्षा ४ हजार. पेट्रोल २ हजार. वीज-मोबाइल दीड हजार. इथंच साडेतेवीस झाले. पाणी, गोळ्या, पेरणी धरली तर २९ हजार. वरचे ६ हजार बायकोच्या मशीनवर निघतात, तिला काम मिळालं तर. दिवाळी, लग्नकार्य, दवाखाना, शिल्लक यातलं अजून काहीच धरलेलं नाही.

आमच्यासारख्या घराला आरामात राहायला हातात ४० हजार यायला हवेत, असं मी माझ्या वहीवरून सांगतो. गेल्या जूनला पेरणीचे पैसे भिशीतून उचलले, त्याचे हप्ते अजून चालू आहेत.