सीसीएनएच्या पुस्तकाचा दुसरा भाग जुना निघाला, त्याबद्दल

नमस्कार,

तुमचा एक तारा आणि त्याखालचा मजकूर परवा रात्री शटर ओढायच्या आधी वाचला. तुमची तक्रार थोडक्यात अशी: सीसीएनएसाठी (सिस्को कंपनीची नेटवर्किंगची सर्टिफिकेट परीक्षा) आमच्याकडून अधिकृत गाइडचे दोन्ही भाग घेतलेत, नोकरी सांभाळून तीन महिने वाचलेत, आणि परीक्षेत वायरलेस समोर आल्यावर कळलं की त्यावर पुस्तकात एक धडासुद्धा नाही. टेराफॉर्म (कोड लिहून यंत्रणा उभारायचं साधन) नाही, जेसन (प्रोग्रामांनी एकमेकांना माहिती द्यायची लिखाणपद्धत) नाही. नापास झालात. पुस्तक घेऊन दुकानात आलात, तर काउंटरवरच्या मुलाने "सात दिवस होऊन गेले, वर पेन्सिलच्या खुणा आहेत" म्हणून परत पाठवलं. शेवटी लिहिलंय, "जुना माल खपवतात. त्यापेक्षा डंप घेतले असते तर पास झालो असतो." (डंप म्हणजे परीक्षेतून फुटलेल्या प्रश्नांचे संच.)

खरं सांगतो, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तुमचाच राग आला. वायरलेस नसलेलं सीसीएनएचं पुस्तक असतं का कुठे? म्हटलं, यांनी पुस्तक उघडलेलंच नाही.

काल सकाळी बिलबुक काढलं. तुमच्या बिलावर दुसऱ्या भागापुढे जी किंमत आहे, ती जुन्या आवृत्तीची. मग रॅकमधून चार पुस्तकं काढून काउंटरवर मांडली: पहिला भाग जुना आणि नवा, दुसरा भाग जुना आणि नवा. चारही अनुक्रमणिका उघडून बोट ठेवत गेलो. जुन्या आवृत्तीत वायरलेसचे धडे पहिल्या भागात आहेत. नव्या आवृत्तीत ते तिथून उचलून दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला नेलेत. आणि आम्ही तुम्हाला पहिला भाग दिला नवा, दुसरा दिला जुना. म्हणजे वायरलेस नेमकं दोन्हीकडून निसटलं. तुम्ही दोन्ही पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली असतील तरी ते तुम्हाला भेटणार नव्हतंच.

चूक आमची आहे. मुलगा नवा आहे असं सांगून मोकळं होता आलं असतं, पण रॅक तो लावत नाही, मी लावतो.

ही चूक झाली कशी तेही सांगतो, कारण उद्या दुसऱ्या कुठल्या दुकानात किंवा ऑनलाइन घेतानाही ती होऊ शकते. २४ फेब्रुवारी २०२० ला सीसीएनए बदललं, तेव्हा परीक्षेचा नंबरच बदलला होता. २००-१२५ गेलं, २००-३०१ आलं. कव्हरवर नंबर ठळक असतो, त्यामुळे जुनं कोणतं ते आंधळ्यालाही कळलं असतं. (आमच्याकडे २००-१२५ च्या पुस्तकांची थप्पी होती. महिन्याभरात लॉकडाऊन लागला आणि ती थप्पी शेवटी रद्दीच्या भावाने गेली. अप्पा बळवंत चौकात त्या वर्षी काय काय रद्दीत गेलं, त्यावर वेगळं पुस्तक होईल.) २० ऑगस्ट २०२४ ला मात्र परीक्षेचा नंबर तोच राहिला, २००-३०१. फक्त अभ्यासक्रम १.० चा १.१ झाला. गिऱ्हाईक येऊन विचारतं, "दोनशे-तीनशे एक आहे का?" आपण म्हणतो, "आहे", आणि हाताला येईल ते देतो. इथेच गफलत झाली.

आता जिथे तुमचं म्हणणं मला पटत नाही, तेही लिहितो. जेसन तुमच्याकडच्या जुन्या दुसऱ्या भागातही आहे, शेवटाकडे, ऑटोमेशनच्या, म्हणजे नेटवर्कची कामं प्रोग्रामकडून करून घेण्याच्या धड्यांत. तिथे पपेट आणि शेफ या ऑटोमेशनच्या साधनांवर जी पानं आहेत ती आता अभ्यासक्रमाबाहेर गेली, त्याच जातीचं अन्सिबल राहिलं आणि टेराफॉर्म नव्याने आलं. जोडीला एआय आणि मशीन लर्निंगची तोंडओळख. पण हा सगळा ऑटोमेशनचा विभाग मिळून परीक्षेच्या दहा टक्के. टेराफॉर्ममुळे कुणी नापास होत नाही. वायरलेसची गोष्ट वेगळी, ते नेटवर्कच्या मूलभूत भागात येतं, ॲक्सेसमध्ये येतं, सिक्युरिटीतही येतं. ते भोक मोठं होतं आणि ते आम्ही पाडलं, हे मान्य.

तरीही एक विनंती. निकालाच्या कागदावर प्रत्येक विभागाची टक्केवारी येते, ती एकदा शांतपणे बघा. आयपी कनेक्टिव्हिटी, म्हणजे एका नेटवर्कमधून दुसऱ्यात डेटा पोचवणं, एकट्याने पंचवीस टक्के आहे. राउटिंग टेबल वाचणं, स्टॅटिक रूट (हाताने घातलेला मार्ग), ओएसपीएफ (राउटरांनी आपसांत मार्ग शोधायची पद्धत). तिथे आकडा खाली असेल तर नवं पुस्तक आणूनही फार फरक पडणार नाही. तिथे हात बसायला लागतो. पॅकेट ट्रेसर, म्हणजे कॉम्प्युटरवर नकली नेटवर्क उभारून सराव करायचं सॉफ्टवेअर, सिस्को फुकट देते, नाव नोंदवलं की झालं. परीक्षेत लॅबचे प्रश्नही असतात आणि एकदा पुढे गेलं की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही. कमांड आठवत बसायला तिथे सवड नसते.

डंपबद्दल. ते आम्ही ठेवत नाही आणि ठेवणार नाही. तत्त्वज्ञान बाजूला ठेवू, व्यवहार बघू. चोरलेले प्रश्न, उत्तरं कुणी लिहिली त्याचा पत्ता नाही, त्यातली कितीतरी चुकीची, आणि सिस्कोने पकडलं तर सर्टिफिकेटच रद्द. गेल्या दिवाळीआधी एक मुलगा आला होता, पास झालेला, सर्टिफिकेट मोबाइलवर दाखवत. म्हणाला, "काका, इंटरव्ह्यूसाठी काहीतरी द्या, दोन ठिकाणी पहिल्याच फेरीत घरी पाठवलं." मी नेटवर्कवाला नाही, पण इतकी वर्षं ही पुस्तकं विकतोय. बिलाच्या मागच्या बाजूला लिहून दिलं: १९२.१६८.१०.०, स्लॅश सव्वीस, किती होस्ट? तो कागदाकडे बघत राहिला. स्लॅश सव्वीस म्हणजे चौसष्ट पत्ते, त्यातले राखीव दोन वजा, म्हणजे बासष्ट होस्ट, बासष्ट यंत्रं. एवढं त्याला मांडता येईना. त्याला मी पुस्तक विकलं नाही. सबनेटिंगचा, म्हणजे नेटवर्कचे असे तुकडे पाडण्याचा, सराव करायला सांगून पाठवला.

पुस्तक निवडायचं कसं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमची तक्रार वाचून बाकीचे नक्की विचारणार, म्हणून इथेच लिहितो. कव्हर बघून घेऊ नका. आतलं छपाईच्या तपशिलाचं पान उघडा, साल बघा. २०२४ च्या आधीचं असेल तर ते १.१ साठी नाही, दुकानदार काहीही म्हणो (मीसुद्धा). पुस्तक दोन भागांत असेल तर दोन्हीची आवृत्ती एकच आहे ना, ते बघा. हे आता मी स्वतःलाही बजावलंय. सिस्कोच्या साइटवर परीक्षेच्या विषयांची यादी फुकट मिळते. ती मोबाइलवर उघडून अनुक्रमणिकेशी ताडून बघायला दहा मिनिटं लागतात, आणि ती दहा मिनिटं आमच्या दुकानात उभं राहून घालवलीत तरी कुणी हटकणार नाही. शेवटचं, सबनेटिंगचा धडा काढा आणि दोन पानं तिथेच वाचा. अधिकृत गाइड दोन भाग मिळून हजारावर पानांचं आहे, इंग्रजीही जड आहे. डिप्लोमा मराठी माध्यमातून केलेल्या मुलांना मी बऱ्याचदा आधी बारीक, सोप्या भाषेतलं पुस्तक देतो आणि जाडं नंतर घ्या म्हणतो. माझा गल्ला त्या दिवशी कमी भरतो, पण तोच मुलगा सहा महिन्यांनी परत येतो.

आणि हो, तुम्ही लिहिलंय की डिस्काउंट मागितल्यावर मी कपाळाला आठ्या घातल्या. त्या तशाही असतात. डिस्काउंट दिला होता, बिलावर आहे.

तर आता काय करायचं. सात दिवसांचा नियम गिऱ्हाइकाचं मन बदललं तर लागू आहे, आमची चूक असेल तर नाही. त्या मुलालाही तसं सांगितलंय. तुमचा जुना दुसरा भाग पेन्सिलच्या खुणांसकट आणा, नवा दुसरा भाग घेऊन जा, वर जुन्याचे पूर्ण पैसे परत. परीक्षेची फी तीनशे डॉलर आणि वर कर आहे, ती भरून देणं माझ्या दुकानाला झेपणारं नाही. तसं आश्वासन देऊन तुम्हाला हेलपाटे घालायला लावण्यापेक्षा आत्ताच नाही म्हणतो.

नियमाप्रमाणे पाच दिवस थांबून परत बसता येतं. घाई करू नका. नव्या भागातले पहिले वायरलेसचे धडे आधी करा, ऑटोमेशनचे शेवटी. रॅकमधला जुना दुसरा भाग मी काल काढून ठेवला. आणखी दोन प्रती होत्या, म्हणजे अशी जोडी आणखी कुणाला गेली असण्याची शक्यता आहे. २० ऑगस्ट २०२४ नंतर आमच्याकडून हे दोन भाग ज्यांनी घेतले असतील त्यांनी दोन्हीची आवृत्ती तपासावी आणि जुळत नसेल तर बिल नसलं तरी यावं.

तुमचा नवा भाग काउंटरच्या डाव्या खणात ठेवलाय, वर चिठ्ठी आहे "वायरलेस". मी नसलो तरी मुलाला तेवढा एक शब्द सांगा, तो देईल.