पाळण्यातले पाय आणि २१ दिवस

बडोद्यातल्या सूरसागर तलावाच्या पाळीवर त्या संध्याकाळी वाद पेटला तो एका पत्रकावरून. दांडिया बाजारात कुणीतरी वाटत होतं: ‘२१ दिवसांत स्वतःला घडवा.’ उस्तादने ते घडी घालून जपून ठेवलं होतं, कारण आखाड्यातल्या पोरांना तोही हेच सांगतो.

“हा २१चा आकडा कुठला, माहीत आहे?” डॉक्टरांनी विचारलं. “मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन. १९६०मध्ये त्यांनी लिहिलं की नाक बदललेल्या माणसाला आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस लागतात. पुढे ‘कमीत कमी’ गळालं, मग नाकही गळालं. उरले २१.”

“बरं, मग खरे किती?”

“लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ जणांवर मोजलंय, २०१०मध्ये छापून आलं. रोज एकच काम, ठरलेल्या प्रसंगाला जोडून. दुपारच्या जेवणाबरोबर फळ, किंवा रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं पळणं. काम आपोआप व्हायला लागायचा मधला आकडा निघाला ६६ दिवस. पण पसारा बघ: १८ ते २५४! त्यातले २५४ हिशेबाने पुढे ताणलेले, कारण प्रयोगच ८४ दिवसांचा होता. आणि सवय वाढत जाण्याचा आलेख नीट बसला तो फक्त ३९ जणांचा. पाणी पिणं लवकर जमतं, व्यायामाला वेळ लागतो.”

“आणि मध्ये खाडा पडला तर?”

“एका दिवसाने काही बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. ‘आता मोडलंच, तर सोमवारपासून नव्याने’ म्हणून माणूस आठवडा घालवतो, बिघडतं ते तिथे.”

उस्तादला हे पटलं, कारण त्याचा अनुभव उलट बाजूने तोच होता. नवी पोरं पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून येतात की जिना उतरवत नाही. चौथ्या दिवशी पोरगा गायब, आणि आई सांगते, ‘त्याच्यात चिकाटीच नाही हो.’ चिकाटीचा इथे संबंध नाही, माप चुकलं. डॉक्टरांचं म्हणणं, पहिले दोन आठवडे दहाच बैठका दे, आणि वेळ ठरवण्याऐवजी प्रसंग ठरव. ‘सहा वाजता’ असं नको, ‘दप्तर खाली ठेवलं की’ असं. सहा वाजलेले कळत नाहीत, दप्तर मात्र रोज खाली पडतंच.

मास्तर एवढा वेळ गप्प होते. “हे सगळं वरवरचं,” ते म्हणाले. “खाण तशी माती. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात. आपल्या महाराजांचंच घ्या.”

बडोद्यात महाराज म्हटले की सयाजीरावच, आणि त्यांचं नाव निघालं की चर्चा अर्धा तास लांबणार हे ठरलेलं.

“मास्तर,” ताई म्हणाल्या, “१८७५ला दत्तक आले तेव्हा महाराज बारा वर्षांचे. कवळाणे गावचे, तेव्हाचं नाव गोपाळराव, अक्षरओळखही नाही. पाळण्यातले पाय तेव्हा कुणी पाहिले होते?”

“रक्त होतं ना!”

“रक्त होतंच. शिवाय शिकवायला इलियटसाहेब होते, दिवाण म्हणून टी. माधवराव होते आणि १८८१च्या शेवटी कारभार हाती येईपर्यंत सहा वर्षांची शिकवणी होती. महाराजांचा स्वतःचा रक्तावर एवढा भरवसा असता, तर १८९३ला अमरेलीत सक्तीचं शिक्षण सुरू करून १९०६ला ते राज्यभर का नेलं असतं?”

मास्तरांचा मुद्दा यावर मेला नाही, हे नोंदवायला हवं. त्यांनी विचारलं, “तेच इलियट दुसऱ्या पोराला दिले असते, तर तोही सयाजीराव झाला असता का?” प्रश्न बिनतोड आहे. एक आयुष्य एकदाच जगलं जातं, तुलनेला दुसरं मिळत नाही. उत्तर द्यायचं तर घोळक्याकडे बघावं लागतं, आणि डॉक्टर तिकडेच वळले.

“उंची घ्या. पोटभर खाणाऱ्या समाजात उंचीतला सुमारे ८० टक्के फरक आनुवंशिक असतो. तरी दक्षिण कोरियातल्या बायकांची सरासरी उंची शंभर वर्षांत २० सेंटिमीटरने वाढली. तेवढ्यात रक्त थोडंच बदललं? मास्तर, ८० टक्के हे माणसामाणसांतल्या फरकाचं माप आहे. तुमच्या साडेपाच फुटांतले इतके इंच वडिलांचे, इतके वरणभाताचे, असा हिशेब त्यातून निघत नाही. सगळ्यांची ताटं सारखी भरली की उरलेला फरक रक्ताचाच दिसणार.”

“म्हणजे रक्त आहे ना!”

“आहे. फिनाइलकिटोन्यूरिया नावाचा आजार आहे. एका जनुकातला दोष, शंभर टक्के जन्मजात. प्रथिनातला एक घटक पचत नाही, तो साठतो आणि मेंदू खचतो. पण पहिल्या काही आठवड्यांत रक्त तपासून तो घटक आहारात मोजूनमापून दिला, तर मूल शिकतं, नोकरी करतं. दोष रक्तात, उपाय ताटात. आता याला तुम्ही कुठल्या खात्यात घालणार?”

मास्तरांनी सेव-उसळवर लिंबू पिळलं.

डॉक्टरांचा खरा जीव मात्र पहिल्या हजार दिवसांत. पोटातले २७० आणि नंतरची दोन वर्षं. जन्मतः मेंदूचं वजन मोठ्या माणसाच्या मेंदूच्या चौथाईएवढं असतं, दोन वर्षांत ते पाऊण भाग होतं. बाळाचं वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट, वर्षात तिप्पट. लांबी ५० सेंटिमीटरवरून वर्षात ७५, चौथ्या वर्षी १००. अंगणवाडीत ममता दिवसाला, म्हणजे आई-बाळाच्या तपासणीच्या दिवशी, वजनाच्या कार्डावर ठिपका देतात, तो आकडा वाचून लोक घरी जातात. बघायची असते रेघ. मूल मुळातच लहानखुरं असेल आणि रेघ वर चढत असेल, तर घोर नको. गुटगुटीत मुलाची रेघ दोन महिने आडवी राहिली, तर मात्र दाखवायला न्यावं.

रेघ बहुतेकदा सहाव्या महिन्यानंतर आडवी होते, आणि चूक घरोघरी तीच: वरणाचं पाणी. इवलंसं पोट पाण्याने भरतं, ताकद मिळत नाही. घास चमच्यातून ओघळता कामा नये. घट्ट वरण-भात मऊ कुस्करून दोन-तीन चमचे, वर थोडं तूप किंवा तेल, दिवसातून दोन-तीन वेळा. नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा. अंगावरचं दूध चालूच. आणि चहात बुडवलेलं बिस्कीट नको, चहाने अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

“पोट भरलं म्हणजे माणूस घडला का?” उस्तादने विचारलं. “संयम कुठून येतो?” त्याला ती मार्शमेलोची, म्हणजे मऊ गोड मिठाईची, गोष्ट आठवत होती. स्टॅनफर्डला वॉल्टर मिशेलनी केलेला प्रयोग: आत्ता एक खा, किंवा थांब आणि दोन घे. थांबलेली मुलं पुढे शाळेत सरस निघाली, म्हणून संयम हाच सगळ्याचा पाया.

ताई बालवाडीत शिकवतात. या गोष्टीने त्या चिडतात.

“२०१८मध्ये नऊशेहून जास्त मुलांवर पुन्हा पाहिलं. तो संबंध निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर आणखी रोडावला. पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो २०१३चा छोटा प्रयोग. २८ मुलं, तीन ते पाच वर्षांची. आधी प्रत्येकाला सांगितलं, थांब, चांगले रंग आणून देते. निम्म्यांना खरंच आणून दिले. निम्म्यांना म्हटलं, चुकलं रे, नाहीत शिल्लक. स्टिकरचंही तसंच. मग मार्शमेलो ठेवला. शब्द पाळला गेला ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. फसलेली, ३ मिनिटं. पुरी पंधरा मिनिटं टिकली पहिल्या गटातली चौदापैकी नऊ, दुसऱ्यातलं एक.”

पाळीवर कुणी बोललं नाही. आमच्या कट्ट्यावर हे विरळा.

“म्हणजे अधाशी म्हणतो ते पोरगं...”

“हिशेबी असू शकतं. ज्या घरात ‘उद्या देतो’चा उद्या येत नाही, तिथे हातातलं खाऊन टाकणं हेच शहाणपण. त्याला संयमावर भाषण देऊन काय होणार?”

“करायचं काय मग?” उस्ताद.

“देता येणार नाही ते कबूल करू नकोस. ‘बघू’ म्हणू नकोस. मुलं त्याला हो धरतात. वार सांग. जमणार नाही असं दिसलं, तर तो वार उजाडायच्या आधी आपणहून सांग आणि दुसरा वार दे.”

“आणि तीन-चारदा फसवून झालं असेल तर?”

“मग लहान कबूल कर. त्याच दिवशी, डोळ्यांसमोर पुरं होईल असं. आखाडा सुटल्यावर पाच मिनिटं कुस्ती दाखवतो म्हणालास, तर पाच मिनिटं दाखवायची. फोन आला तरी.”

“किती दिवस? ६६?”

“तो आकडा फळं खाण्याचा आणि पळण्याचा होता,” डॉक्टर म्हणाले. “इथे लावू नकोस.”